रावजीकाकांची बोली आणि चिमाआत्याची बाल्कनी

मोठ्यांनी बोली लावली की लहानांनी वर जायचं नाही! का? तर विचारायचं नाही! आता मला सांगा, ज्या लिलावात कुणी वर जायचंच नाही त्याला लिलाव म्हणायचं कशाला, सरळ वाटप म्हणा ना… पण नाही! आमच्या गावात, म्हणजे लांज्यापासून बरंच आत, दरवर्षी देवीच्या उत्सवात मानाच्या नारळाचा लिलाव होतो. माझे थोरले काका, रावजीकाका, खांद्यावरचा टॉवेल झटकतात, घसा खाकरतात, एक आकडा बोलतात, आणि सगळं गाव असं गप्प होतं की काजूवरचा कावळासुद्धा चोच मिटतो. एकवार, दोनवार, तीनवार, नारळ काकांचा! आयुष्यात माणूस एकही लिलाव हरलेला नाही हो. हरेल कसा? रावजीकाका बोलले, लिलाव संपला!

तर तुम्हाला सांगते, काकांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या मुलाने, मुंबईच्या समर्थदादाने, क्रूझची तिकिटं काढली. एक केबिन काका-काकींना, दुसरी चिमाआत्याला आणि मला. मी कशाला? तर इंग्रजी पाट्या वाचायला कुणीतरी हवं! बी.एस्सी. केली ती पाट्या वाचायला! आणि केबिन दोन्ही आतल्या. आतली केबिन म्हणजे काय माहितीये? खिडकीच नाही! तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला दार. समुद्रावर जायचं आणि कोठीघरात झोपायचं!

आत्याने हे ऐकलं आणि चुलीत लाकूड सारलं. स्वतःसाठी ती बोलतच नाही. तिचे यजमान बोटीवर भटारखान्यात होते, अख्खी नोकरी खाली कांदे सोलण्यात गेली. ते म्हणायचे म्हणे, "चिमे, समुद्र दिसतो तो वरच्या लोकांना. आमच्या तो नुसता पायाखाली हलतो." ते गेले, आत्या माहेरी परतली, सगळ्यांच्या चुली सांभाळल्या, आणि इतक्या वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली, तीही माझ्याकडे, तीही भांडी घासताना. "मनू, बोटीतनं एकदा समुद्र दिसला असता ना, तर ह्यांच्या फोटोला सांगितलं असतं गो, कसा असतो तो."

मी राखेचा हात तसाच धरून बसले.

आणि दुसऱ्याच आठवड्यात कंपनीचा मेल! बाल्कनीच्या काही केबिन रिकाम्या आहेत, हव्या असतील तर बोली लावा. बोली! मी वाचून दाखवलं मात्र, काकांच्या अंगात उत्सव संचारला. उठले, टॉवेल झटकला… मोबाइलसमोर! घसा खाकरला… मोबाइलसमोर! स्क्रीनवर एक पट्टी होती, तिच्यावर सरकवायचा काटा. डावीकडे लाल, मध्ये पिवळी, उजवीकडे हिरवी. लाल म्हणजे मिळणं कठीण, हिरवी म्हणजे आशा दांडगी. काकांनी सगळ्यात कमी आकडा सांगितला.

"काका, लाल दाखवतंय."

"असूंदे. लाल शुभ असतो."

"अहो, लोक वर जातील!"

"कोण जाईल? रावजी बोललाय म्हणावं!"

आणि मग त्यांनी काय केलं असेल? घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी निरोप टाकला! "मी बाल्कनीची बोली लावली आहे. कुणी वर जाऊ नये." आणि सगळ्यांची उत्तरं हो! "होय काका." "नाही जात काका." बुरोंडीच्या शाळेतले गौरवमास्तर, आमचे लांबचे जावई, ते क्रूझला येतसुद्धा नव्हते, त्यांनी लिहिलं, "आमच्याकडून निश्चिंत असा." मी म्हटलं, काका, बोटीवर दिल्लीची असतील, सुरतची असतील, त्यांना कोण सांगणार? तर म्हणे, "कळतं माणसाला." मला सांगा, या आत्मविश्वासाला हात जोडायचे की कपाळाला लावायचे? मला तर कौतुकच वाटलं. पण म्हणायचं काय? रावजीकाका बोलले, लिलाव संपला!

आणि वर मला ताकीद. "मनू, तुमच्या केबिनची बोली लावायची नाही. ती माझ्यावरच जाईल."

संध्याकाळी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. हाताला फणसाचा वास. "त्या मोबाइलात बोली लावली तर रावजीला ऐकू जाते?"

"नाही गो. बंद बोली. कुणी किती लावली ते कुणालाच दिसत नाही."

"कुणालाच?" तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मंग हा लिलाव बरा. देवळासमोर बाईमाणसाला तोंड उघडता येत नाय. सरकव तो काटा."

"कितीपर्यंत?"

"हिरवा होईस्तोवर."

अहो, अंगावर काटा आला माझ्या! फणसपोळीचे, आंबापोळीचे साठवलेले पैसे तिने एका बोटाच्या सरकण्यावर लावले, आणि घासाघीस नाही, काही नाही. असा लिलाव आमच्या अख्ख्या गावात कुणी बोललेला नाही!

निकाल आला. काकांना 'दिलगीर आहोत'. आम्हाला बाल्कनी! मी आत्याला मिठी मारली आणि दोघींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. इकडे ग्रुपवर चौकशी सुरू. "वर कोण गेलं?" गौरवमास्तरांनी मुलांची शपथ घेतली हो, बिचाऱ्यांनी!

पण बोटीवर लपवणार कसं? सामान घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, काका-काकींचा मजला आला, ते उतरले, आम्ही नाही उतरलो. काकांनी तिथेच ओळखलं. आम्ही दार उघडेपर्यंत दोघंही बॅगांसकट मागे हजर! दारातून आत बघितलं… बाल्कनी. त्यापलीकडे नुसता समुद्र.

"किल्ली दे," काका म्हणाले. "तुम्ही खाली जा. मान मोठ्याचा."

काकी लगेच, "दे गो मनू. मोठे आहेत ते."

आणि आत्या! आत्याने खरंच पिशवी उचलली! नजर खाली, निघालीसुद्धा! माझं डोकंच फिरलं. मी दारात हात आडवा घातला.

"नाही देणार."

"काय म्हणालीस?"

"नाही देणार, काका. मोठ्याचा मान ना? तुम्हाला लहानपणी कडेवर घेऊन शेतावर कोण जायचं? तुमची पंच्याहत्तरी आत्ता झाली. आत्याची कधी झाली? कुणी केली? आत्या तुमच्यापेक्षा मोठी आहे! मग आता तिच्या बोलीवर कोण जातंय?"

काकांनी टॉवेल झटकायला हात नेला. टॉवेल खांद्यावर नव्हताच, बॅगेत होता. काकी काकांकडे बघतेय, काका आत्याकडे. आणि गप्प. देवळासमोरचं अख्खं गाव गप्प होतं ना, तस्से गप्प!

तो लिलाव आत्यानेच मोडला. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "उभा काय राहिलास रे रावज्या, पाय दुखतील. सामान खालच्या केबिनीत ठेव आणि ये चहाला. दार वाजवून ये."

आला हो! दार वाजवून आला! बाल्कनीत खुर्च्या दोनच. एकीत आत्या, दुसरीत काका, तोंडं समुद्राकडे. भांडले मी, काटा सरकवला मी, आणि पलंगावर बसून मला दिसतात दोन पांढरी डोकी, मध्ये एवढीशी फट, आणि त्या फटीत माझ्या वाटणीचा समुद्र… जरा सरका म्हणू का? जाऊ दे. बघू देत.