आमच्या दारातले सात घोडे

घराण्याच्या गप्पा निघाल्याच आहेत, तर माझी सातवीतली फजिती ऐका.

हुबळीच्या आमच्या मराठी शाळेत इतिहासाच्या बाईंनी सांगितलं, आपल्या घराण्याचा इतिहास घरी विचारून लिहून आणा. आमच्या अप्पांनी कोप्पीकर रोडवरच्या दुकानात कापड फाडता फाडता सांगून टाकलं, "लिही, आपण सरदार. दारात सात घोडे."

दुसऱ्या दिवशी बघतो तर निम्मा वर्ग सरदार! बाईंनी वह्या चाळल्या आणि विचारलं, "एवढ्या घोड्यांची लीद कोण काढत होतं रे?"

मागच्या बाकावरून कमल उठली. तिचे वडील रेल्वे वर्कशॉपात होते, पण तिचं आणि आमचं घर मूळचं कोल्हापूरकडच्या एकाच गावचं.

"आमचा आज्जा काढायचा, बाई."

वर्ग खिदळला. बाईंचा राग नेहमी कन्नडमध्ये यायचा. "सुम्न कूड्री!" सगळे चिडीचूप झाल्यावर त्या म्हणाल्या, "कुणाच्या दारात गं?"

"ह्याच्या." तिनं माझ्याकडे बोट केलं. मी छाती पुढे काढली. आयता साक्षीदार मिळाला होता की!

"म्हणजे सात घोडे खरे?"

"घोडा कुठला, बाई? एक म्हैस होती. आज्जा तिचं शेण काढायचा. ताक मागितलं तर ह्याची आज्जी वरून ओतायची, लांबूनच."

आता कुणी हसलं नाही. माझी छाती जागच्या जागी बसली.

वही परत आली, तेव्हा बाईंचा लाल शेरा होता: "कल्पनाविस्तार उत्तम. इतिहास कमलकडून उतरवून घे."