रिकाम्या पाकिटांचा पहिला नंबर

माईक माझ्या हातात देऊच नका रे. एकदा पुरे झालं.

न्यू पनवेलला आम्ही दहा-बारा जण दर रविवारी भंगारवाला घेत नाही ते सगळं रिसायकलिंगसाठी गोळा करायचो. जुने टूथब्रश, संपलेली पेनं, गोळ्यांची रिकामी पाकिटं. शेजारच्या विचुंबे गावातून एक म्हातारे काका यायचे, ते नुसती गोळ्यांचीच पाकिटं आणायचे. पिशवी गच्च भरून. एकदा मी म्हटलं, "काका, मेडिकल लुटता की काय?" ते नुसते हसले.

वर्षाच्या शेवटी आम्हाला हौस आली, सगळ्यात जास्त देणाऱ्याचा सत्कार करू. पहिला नंबर अर्थात काकांचा. शाल दिली, नारळ दिला. इतकी पाकिटं एका घरातून कशी येतात, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. मी तर माईकवर ओरडलो, "काका, पुढच्या वर्षीही पहिला नंबर सोडायचा नाही हं! जोरदार टाळ्या!"

काका माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आता नाय जमनार रं, बाला. गोल्या खानारी गेल्या महिन्यात गेली."

मी माईक बंद केला. टाळ्या चालूच होत्या.