सदस्य मराठीत बोलले

छप्पन साल, मी सात वर्सांचा व्हतो. त्या साली आमचा सगळा भाग म्हैसूर राज्यात गेला, म्हंजे आमी कुठं गेलो न्हाई बगा, शेत तिथंच, गोठा तिथंच, निस्ती कचेरीवरची पाटी बदलली, मराठीची कन्नड झाली. आई माझी त्याच्या आधीच गेलती. मला वाढवलं आक्कानं, माझ्या थोरल्या भैनीनं. लगीन हून ती जांबोटीच्या वरच्या अंगाला, रानातल्या वाडीला नांदायला गेली, तर मलाबी संगट घिऊन गेली. वाडीच्या वाटंत एक ओढा, ओढा कसला, पावसाळ्यात नदीच ती, आन् त्यावर लाकडाचा साकव. आखाडात वाहून जायाचा, दिवाळीला माणसं परत बांधायची. ह्यो साकव ध्येनात ठेवा, माझं सगळं त्याच्यावरच हाय.

शाळा चौथीपतोर, पण तोंड लई. तिशी गाठली तवा लोकांनी उभा केला, आमदार झालो. एकदा न्हवं, पाच डाव. पयल्या डावाला बेंगळूरला निघालो तवा आक्कानं नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या, म्हणाली, काय मागायचं ते माग रं, पर आमचा पूल इसरू नगो. मी म्हणालो, आक्का, पयला शब्द पुलाचाच.

आन् शब्द पाळला म्या. सभागृहात फेटा बांधून उभा ऱ्हायलो आन् मराठीत बोललो. समोरनं वरडाआरडा, कन्नडात बोला, कन्नडात बोला. मला कन्नड येत न्हवतं असं न्हाई, बैलबाजारात माझ्या तोंडाला कोण लागत न्हवतं. धारवाडकडचा एक आमदार, चांगला दोस्त, बाहेर च्या पिताना म्हणायचा, काय आप्पा, बैल घेताना कन्नड आन् पूल मागताना मराठी? मी म्हणायचो, मला बैलांनी निवडून दिलं न्हाई. त्यो पोट धरून हसायचा.

तिथं एक कारकून व्हता, भाषणं लिवून घेणारा, लई सभ्य माणूस. दर वेळी मागनं यायचा, हळूच म्हणायचा, साहेब, आमाला तुमचं समजत न्हाई, कुणाकडनं तरी कन्नड करून एक कागद द्या, म्हंजे छापता येतंय. मी म्हणायचो, मी बोललो न्हवं? मग झालं. कागद देणार न्हाई. ही गोष्ट गावात येऊन सभेत सांगायचो, लोक शिट्ट्या मारायचे, खांद्यावर घ्यायचे. काय सांगू तुमास्नी, खांद्यावर बसल्यावर माणसाला पाण्याचा अंदाज ऱ्हात न्हाई.

दर दिवाळीला आक्का विचारायची, रं, पुलाचं? मी म्हणायचो, बोललो की. लिवून घेतलं का त्यांनी? व्हय आक्का, मोठ्या पुस्तकात छापत्यात, कायमचं. मग ती शेजारणीला सांगायची, आमचा पूल पुस्तकात आलाय बाई.

पाचव्या डावाला, श्रावणाच्या तोंडाला, निरोप आला, आक्काच्या छातीत कळ आलीया. मी डाक्टरला गाडीत घातला आन् गेलो. साकव चार दिस आदीच गेलता. पल्याड माणसांनी तिला खुर्चीला बांबू बांधून काठापतोर आणलीती, अंगावर कांबळं. अल्याड मी, आमदार, डाक्टर घिऊन. मधी पाणी. तिनं हात वर केला, कायतरी बोलली, आयकू आलं न्हाई. मी वरडलो, सगळं सभागृह गप करणारा आवाज माझा, पाण्यानं खाऊन टाकला. दोन दिस पाणी उतरलं न्हाई. तिसऱ्या दिशी मी गेलो ते माती द्यायलाच.

म्होरच्या निवडणुकीत पडलो. त्याचं कायबी वाटलं न्हाई. आता लेकाजवळ शहरात, अनगोळात असतोय. साकव अजून तसाच, दर साली वाहतोय.

औंदा लोकांनी काढलं, आप्पांचा सत्कार करायचा, त्यांच्या भाषणांचं पुस्तक करायचं. आक्काची लेक सुमन तिथंच जवळ टिळकवाडीत ऱ्हाती, मास्तरीण व्हती, तिला कन्नड वाचाय येतंय. ती बेंगळूरला गेली, चार दिस तिथल्या लायब्ररीत बसली, त्या मोठ्या पुस्तकांच्या झेरॉक्सा घिऊन आली. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हणालो, वाच. तिनं माझं नाव वाचलं, आन् खाली, सदस्य मराठीत बोलले. दुसरा कागद. माझं नाव, सदस्य मराठीत बोलले. तिसरा, तेच. मी म्हणालो, आगं पुलाचं वाच की. ती म्हणाली, मामा, पूल ह्यो शब्दच कुठं न्हाई.

मराठीत बोललो ह्याचं मला आजबी वाईट वाटत न्हाई, उद्याबी बोलीन. पर त्यो एक कागद दिला असता तर माझं काय गेलं असतं? सुमननं कागदं घडी घालून पिशवीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सत्कार नगो म्हणून सांगून धाडलं. दुसऱ्या दिशी सकाळी फेटा बांधला, बसनं खानापूरला गेलो, कचेरीत रांगंत उभा ऱ्हायलो. खिडकीत एक पोरगी, कन्नडात म्हणाली, अज्जा, काय काम? मीबी कन्नडातच म्हणालो, मला कन्नड लिवता येत न्हाई बाई, मी सांगतो, तू अर्ज लिव. वाडी सांगितली, ओढा सांगितला, आक्काची खुर्ची सांगितली. ती म्हणाली, सावकाश, अज्जा. मी सावकाश सांगितलं. मग म्हणालो, वाचून दाखीव. तिनं वाचलं. पूल तीन डाव आला. खाली मी सही केली, मराठीत.