शोभा आणि एका थंडीतल्या तीन मॅरेथॉन

माझं नाव वंदना. वडील जालन्याकडचे, दुष्काळात उठून गोरेगावला आले, आरेच्या तबेल्यात म्हशी धुवायला लागले, आणि मी इथंच जन्मले, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागं, म्हणून कुणी गाव विचारलं तर मी आरेच सांगते. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग दवाखान्यात आया म्हणून लागले ती आजपर्यंत.

शोभा मला आरेच्या रस्त्यावर भेटली. ती मालवणची, सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपटात इस्त्रीला. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, आणि तीच बाई सकाळी पळायची, का तर म्हणे ह्यो एक तास कोणाच्या बापाचो नाय. मला शुगर निघाली होती, डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून चालत होते, तर ही मागनं आली नि म्हणाली, चालतंस काय गो, पळ. तशी पळाले. काय सांगू तुम्हाला, पन्नाशीच्या दोन बायका, पंजाबी ड्रेसखाली बूट, लोक हसायचे. पण पळत पळत एक पुरी मॅरेथॉन केली आम्ही, बेचाळीस किलोमीटरची.

तिथं पळणाऱ्यांच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, काकी, एक झाली ना, आता बस करा, या वयात झेपायचं नाही. झालं! शोभा मला म्हणाली, ह्या थंडीत आणखी तीन करूया. मी म्हटलं येडी झालीस का, मध्ये हाडांना विसावा नको? तर म्हणाली, तू येतंस काय नाय ता सांग.

त्यातली पहिली झाली. पाय नुसती लाकडं, तरी लगेच परत रस्त्यावर, दुसरीची तयारी. आणि एका सकाळी चढावर ती थांबली. म्हणाली, तू फुडे हो, मी येतंय. नेहमीच थांबायची पाणी प्यायला, म्हणून मी वळणापर्यंत गेले, वाट बघितली, ती येईना. परत आले तर कडेला बसलेली, तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात उचलत नव्हता, आणि मला काहीतरी सांगत होती, पण शब्दच नव्हते हो, नुसता आवाज. दवाखान्यात असे पेशंट मी रोज बघते. मला कळलं. दुधाचा टेम्पो थांबवला, तिला मांडीवर घेतलं आणि नेलं.

जीव वाचला, उजवी बाजू गेली. तिचे मिस्टर, दिलीपदादा, मला म्हणाले, तुम्ही नसतात तर ती एकटी एवढी पळाली नसती.

दुसरी शर्यत आली. वाटलं, तिचं राहिलेलं आपण करावं, तिला बरं वाटेल. पळाले, निम्मा रस्ता रडतच. मेडल घेऊन तशीच गेले, तिच्या गळ्यात घातलं. तिनं डाव्या हातानं ओढून काढलं आणि फेकलं, पार पलंगाखाली. तिची मुलगी म्हणाली, मावशी, राग नको धरू. राग कसला गं, मी पण फेकलं असतं.

तिसऱ्या शर्यतीच्या सकाळी मी पळायला गेलेच नाही, तिच्या घरी गेले. दिलीपदादांनी दार उघडलं, बाजूला झाले. तिला कमरेला धरून उभी केली, पलंगापासून दारापर्यंत आणली. दोघी घामाघूम. दाराला टेकून ती रडली, मग मी पण.

आता मी पळत नाही. ड्युटीच्या आधी जाते, तिला गॅलरीतून जिन्यापर्यंत नेते, परत आणते. डॉक्टर म्हणतात हात काही यायचा नाही. कपडेपटात तिच्या जागी दुसरी लागली. जीभ मात्र सुटतेय हळूहळू. काल शेजारीण म्हणाली, बिचारी शोभा. तर ही भिंतीला धरून, एकेक अक्षर ओढत म्हणाली, बिचारी तुजी आवस. सरळ आईच काढली तिची! दिलीपदादा कितीतरी दिवसांनी हसले. तिचं तोंड असंच चालू राहो, अजून काय मागू मी?