दर तिसरं झाड

टँटी: आणि मी दुकानात सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं! म्हटलं, मला टँटी, मावशी म्हणणारी आमची कॉलेजची ऑनिका डॉक्टर झाली. तर तो म्हातारा लेझामा विचारतो कसा, मग माझा गुडघा बघेल का? मी म्हटलं, मेल्या, ती कोकोच्या झाडांची डॉक्टर आहे, तुझ्यासारख्या वाळक्या ओंडक्याची नाही!

ऑनिका: टँटी, मी अजून डॉक्टर झालेली नाहीये.

टँटी: होशील की! गुरुवारी फोनवर तूच म्हणालीस ना, घेतलं म्हणून?

ऑनिका: घेतलं, म्हणजे... मी एमफिल करत होते ना, दोन वर्षांचं. मधे एकदा सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं, काय सापडलं ते. पाच जण बसतात, खोदून खोदून विचारतात. त्यांना वाटलं की काम मोठं आहे, एमफिलमध्ये मावणारं नाही, तर तेच पुढे पीएचडी म्हणून करायला देतात. तसं दिलंय. सोमवारी फॉर्मवर सही करायचीय.

टँटी: पाचच्या पाच जण हो म्हणाले?

ऑनिका: पाचही.

टँटी: बघ! आणि हे सगळं माझ्या टेकडीवर. चार पिढ्या आमच्या या कोकोत खपल्या, पण एकाचंही कुठं काही छापून आलं नाही. मी क्रिसांता, चौथी इयत्ता शिकलेली, माझी झाडं आता पुस्तकात जाणार! अगं खा ना. ती बेकची रोटी गार होतेय. खारा मासाच आहे आज, उपवासाचे दिवस, ईस्टरपर्यंत या घरात मटण शिजायचं नाही.

ऑनिका: भूक नाही हो.

टँटी: तोंड का असं पाडलंयस मग? कुणी पोरगा-बिरगा आहे का? फसवलं का मेल्यानं?

ऑनिका: नाही. टँटी, अन्सेल्म कुठे असतो हल्ली?

टँटी: त्याचं नाव या घरात काढायचं नाही.

ऑनिका: मला त्याला भेटायचंय.

टँटी: काही गरज नाही. बावीस वर्षं माझ्या मळ्यात कोको तोडला त्यानं. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीला खांदा दिला. आणि एवढीशी गोष्ट पाळता आली नाही त्याला! खालच्या मळ्यात रोग आलाय, वर माझ्या आजोबांची झाडं आहेत, तुझा कोयता स्पिरिटनं पुसल्याशिवाय वर न्यायचा नाही. किती वेळा सांगितलं होतं! तूच शिकवलंस ना मला, आजारी झाडाला लावलेला कोयता दुसऱ्याला लावला की तेही गेलं?

ऑनिका: हो, मीच.

टँटी: मग? एकोणीस झाडं वाळली वरची. पानं तशीच लटकलेली, जळल्यासारखी. वर कोयता घेऊन जाणारा तो एकटा. आणि तोंड वर करून म्हणतो, मी न पुसता नेलाच नाही. खोटारडा! चारचौघांत सांगितलं मी त्याला, दुकानासमोर, परत माझ्या मळ्यात पाय टाकलास तर बघ.

ऑनिका: त्यानं नेला नव्हता.

टँटी: असं तो म्हणतो.

ऑनिका: मीपण म्हणते. टँटी, माझं सगळं काम त्याच्याच बोलण्यावर उभं आहे. त्या पाच जणांसमोर मी हेच सांगितलं, की वरच्या झाडांना वर्षभर कुणाचंही न पुसलेलं पातं लागलं नव्हतं. तरी रोग वर पोचला. म्हणजे कोयत्याशिवाय पोचला. म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्यानं नेला, त्याच्या भुशातून. हे त्यांना मोठं वाटलं. यावरच पीएचडी दिली.

टँटी: थांब, थांब जरा. किड्यानं?

ऑनिका: असं मी सांगितलं.

टँटी: म्हणजे अन्सेल्म खरं बोलत होता?

ऑनिका: हो.

टँटी: अगं देवा. आणि मी त्याला... दुकानासमोर... त्याची बायको उभी होती गं तिथं, हातात पिठाची पिशवी घेऊन. आणि तुला हे कधीपासून ठाऊक आहे?

ऑनिका: त्यानं नेला नाही हे? ऑगस्टपासून. मी विचारलं होतं त्याला, तुम्ही काढून टाकल्यावर लगेच. त्यानं शपथ घेऊन सांगितलं आणि मला पटलं.

टँटी: ऑगस्ट! सात महिने झाले! तिकडे शहरात तू त्याला खरा ठरवतेस, आणि इकडे मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते तेव्हा याच टेबलाशी बसून माझ्या हातचा कोको पीत होतीस?

ऑनिका: हो.

टँटी: जीभ झडली होती का तुझी? एक शब्द बोलायला काय झालं होतं?

ऑनिका: बोलले असते तर तुम्ही पुढचं विचारलं असतं. मग कुणी नेला, असं.

टँटी: मग म्हणायचं होतंस, किड्यानं!

ऑनिका: किडा नव्हता, टँटी.

टँटी: आता हे काय नवीन?

ऑनिका: अन्सेल्मखेरीज आणखी एक माणूस होतं वर पातं लावणारं. मी. तपासायला साल काढायचे ना मी, छोट्या सुरीनं.

टँटी: पण तू तर प्रत्येक झाडाला सुरी बुडवून घ्यायचीस. मी बघितलंय. हसायचे मी तुला.

ऑनिका: एक दिवस नाही बुडवली. गेल्या वर्षी, कार्निव्हलचा शुक्रवार होता. आधी वरची चांगली झाडं करायची आणि मग खालची आजारी, असा आमचा नियम. त्या दिवशी मी उलटं केलं, कारण वरून थेट पलीकडच्या रस्त्याला उतरलं की शहरात जाणारी गाडी मिळते. मैत्रिणी थांबल्या होत्या. खालचा मळा उरकला आणि स्पिरिट संपलं. दुसरी बाटली खाली कॉलेजच्या जीपमध्ये, जाऊन-येऊन दीड तास. मी सुरी पँटला पुसली. दोन्ही बाजूंनी. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

टँटी: पँटला.

ऑनिका: हो.

टँटी: माझ्या आजोबांनी पाठीवर पाणी वाहून जगवलेली झाडं, आणि तुला नाचायला जायचं होतं.

ऑनिका: हो, टँटी.

टँटी: नुसतं हो हो काय करतेस! कशावरून तुझ्याच सुरीनं? किडाही असेल. किडे आहेतच की वर, मी स्वतः भुसा बघितलाय खोडापाशी.

ऑनिका: मी पण अशीच मनाची समजूत घालत होते वर्षभर. पाल चुकचुकायची, पण मी ऐकायची नाही. सेमिनारच्या आधी नकाशा काढायला बसले. वाळलेल्या झाडांवर लाल ठिपके देत गेले. झाडांचे नंबर एकेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, पन्नास. दर तिसरं झाड. मी साल दर तिसऱ्याच झाडाची काढली होती. किड्याला आकडे येत नाहीत.

टँटी: आणि त्या पाच शहाण्यांना दिसलं नाही हे?

ऑनिका: मी नकाशावरचे आकडे पुसून टाकले. नुसते ठिपके ठेवले.

टँटी: बाई गं.

ऑनिका: नकाशा त्यांच्यासमोर लावला. वाटलं, आता विचारतील. कुणीच विचारलं नाही. उलट टाळ्या वाजवल्या. रामलोगन मॅडमनी तर मिठी मारली. त्या माझ्या गाइड आहेत, कधी कुणाची पाठ थोपटत नाहीत.

टँटी: अजून कुणाला माहीत आहे हे?

ऑनिका: तुम्हाला.

टँटी: मग गप्प बस.

ऑनिका: काय?

टँटी: गप्प बस म्हणते. झाडं काही उठून उभी राहत नाहीत आता. ती गेली ती गेली. निदान तू तरी डॉक्टर हो. मला राग आलाय, अजून आठ दिवस तुझं तोंड बघायची इच्छा होणार नाही मला, पण म्हणून तुझ्या आयुष्याचं वाटोळं व्हावं असं नाही वाटत. अन्सेल्मला मी सांगते, किडा होता. माफी मागते त्याची. किड्यावर ढकललं की संपलं. तूही सुटलीस, मीही सुटले.

ऑनिका: तुम्ही कशा सुटलात?

टँटी: किडा होता म्हटलं की मला तरी कसं कळणार होतं? सगळ्या टेकडीत कुणाला माहीत होतं? पण तुझ्या सुरीचं कळलं तर लोक म्हणतील, कॉलेजच्या पोरीला रोज टेबलाशी बसवून जेवू घातलं, आणि बावीस वर्षांच्या माणसाला एकदा शांतपणे विचारलं नाही. खरंच नाही विचारलं गं मी. नुसती ओरडले.

ऑनिका: टँटी, मी बहुतेक याचसाठी आले होते. तुम्ही गप्प बस म्हणावं म्हणून. सगळ्या वाटेत मनात तेच होतं. आणि आता तुम्ही म्हणालात, तर ऐकवत नाहीये.

टँटी: मग करतेस काय?

ऑनिका: गुरुवारी शेती खात्याचा एक माणूस आला होता ऐकायला. म्हणाला, छान झालं, आम्ही पत्रक काढतो, शेतकऱ्यांना सांगतो की किडा मारा. लोक फवारत बसतील, आणि कोयते तसेच न पुसता या मळ्यातून त्या मळ्यात फिरतील. एकोणीस झाडांवर थांबणार नाही ते. आणि पुढची चार वर्षं मी रोज उठून तेच सिद्ध करत बसायचं, जे नाहीये.

टँटी: लेझामा तर आत्ताच कुरकुरतो, स्पिरिट महाग झालं म्हणून. त्याला निमित्तच पाहिजे.

ऑनिका: तेच तर.

टँटी: ऊठ. बूट घाल.

ऑनिका: कुठे?

टँटी: पुलाखालच्या वस्तीत. शनिवारी तो दुपारनंतर घरी असतो. असं बघू नकोस माझ्याकडे, मला माहीत असतं. आणि तिथं आधी मी बोलणार. तू मधे तोंड घालायचं नाही. माझं झालं की तुझं.

(तासाभराने, अन्सेल्मच्या ओट्यावर. दोघींचं सांगून झालंय. त्यानं त्यांना बसायला बाकडं दिलंय, स्वतः उभाच आहे.)

टँटी: काहीतरी बोल रे. शिव्या दे. पण असा उभा राहू नकोस.

अन्सेल्म: आंब्याजवळचं जुनं झाड? दोन खोडांचं?

टँटी: गेलं.

अन्सेल्म: हं.

टँटी: सोमवारपासून ये परत. तोडणीचे दिवस आहेत, शेंगा पिकून काळ्या पडताहेत. दुकानासमोर मी तुला बोलले ना, तिथंच उभी राहून सगळ्यांना सांगते, माझं चुकलं म्हणून. तुझ्या बायकोसमोर सांगते.

अन्सेल्म: सोमवारी गवत कापायला जायचंय. रस्त्याच्या कामावर आहे मी आता.

टँटी: मग मंगळवारी ये. कधीही ये. अन्सेल्म, मी पाया पडते तुझ्या.

अन्सेल्म: नको, मालकीणबाई. असं करू नका. बघू.

ऑनिका: माझ्यामुळे झालं सगळं. मी ऑगस्टमध्ये बोलले असते तर...

अन्सेल्म: तुला एक सांगू? मी आठवत बसायचो. रोज. कधी नेला होता का मी कोयता न पुसता वर? चुकून? घाईत, कधी एखाद्या वेळेला? बाई एवढं खात्रीनं म्हणते म्हणजे काहीतरी असणारच. बायको म्हणायची, नाही नेलास तू. पण नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, नेला असेल. मीच मारली असतील झाडं. गेल्या महिन्यात पाद्रीबाबांपुढे कबूल पण केलं मी ते.

टँटी: अरे देवा, अन्सेल्म!

अन्सेल्म: मग ते म्हणाले, माफ झालं.

ऑनिका: मला लाज वाटते. तुमच्या डोळ्यांत बघवत नाहीये.

अन्सेल्म: नको बघूस. तुझं आता काय होणार?

ऑनिका: सोमवारी सही करणार नाही. रामलोगन मॅडमना आकड्यांसकट नकाशा दाखवणार, शेती खात्याच्या त्या माणसालाही. पीएचडी जाईल. एमफिल तरी देतील की नाही, माहीत नाही. आकडे पुसल्याबद्दल काढूनही टाकतील कदाचित.

टँटी: काढत नाहीत! मी येते सांगायला. माझी झाडं मेली आहेत, मी माफ केलं तर त्यांचं काय जातंय?

ऑनिका: तसं नसतं ते, टँटी.

अन्सेल्म: त्या पाच जणांना तू सांगितलंस ना, वर न पुसलेला कोयता गेला नाही म्हणून? त्यांनी विचारलं नाही, कशावरून?

ऑनिका: विचारलं.

अन्सेल्म: मग? काय सांगितलंस?

ऑनिका: म्हटलं, मळ्यातल्या एका मजुरानं सांगितलं.

अन्सेल्म: एका मजुरानं.

ऑनिका: त्या सगळ्यात तेवढं एकच खरं होतं. तुमचं.

अन्सेल्म: मग सोमवारी ते नावानिशी सांग. अन्सेल्म मार्कानो. म्हणावं, लिहून घ्या.