कमरेला आणखी सतरा

मी, न्यायालयाच्या बंदोबस्तावरची सशस्त्र शिपाई, पथकात सगळे 'चिमणी' म्हणतात ती, वय चौतीस, धंदा नोकरी, राहणार पोलीस वसाहत, पाण्याच्या टाकीमागची इमारत, समक्ष विचारल्यावरून सांगते की –

माझी नेमणूक न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. हत्याराची ड्यूटी मला गेल्या वर्षी मिळाली. त्याआधी मी खाली दारात बायकांच्या पर्सा तपासायच्या टेबलावर होते. तिथून वर यायला किती जणांची तोंडं बंद करावी लागली ते सांगत बसत नाही, पण हे काम मला जिवापाड आवडतं, एवढं लिहून घ्या. माझं नाव पुढे केलं ते आमच्या नेमबाजीच्या वस्तादांनी. बाकीचे हसत होते, ते हसले नाहीत.

नवीन पिस्तूल निवडायच्या वेळी मी हजर होते का, असं जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. होते. टेबलावर तीन पिस्तुलं मांडली होती. जुनं आठ गोळ्यांचं, एक बारीक मुठीचं दहा गोळ्यांचं, आणि तिसरं सतरा गोळ्यांचं. सतरा गोळ्या मुठीच्या आत दोन रांगांनी बसतात, म्हणून त्याची मूठ जाड. मी ते धरलं तर माझ्या बोटाचं नुसतं टोक चापाला लागत होतं. मी तसं तोंडावर सांगितलं. दहाचं घ्या म्हटलं, हातात बसतं, कमरेला हलकं आहे, आणि आमच्या त्या चिंचोळ्या व्हरांड्यात माणसांची एवढी गर्दी असते की सतरा गोळ्या झाडायच्या कुणावर?

तेव्हा वस्ताद म्हणाले, "गोळ्या उरल्या तर संध्याकाळी जमा करता येतात, चिमणे. संपल्या तर काय जमा करशील?" त्यांचा मोठा भाऊ पोलिसातच होता. नाक्यावर चौघांनी घेरलं, तेव्हा त्याच्याकडे ते जुनं आठाचं होतं. मरून पडलेला सापडला, तेव्हा पिस्तूल रिकामं होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दहाचं पिस्तूल टेबलावर परत ठेवलं. माणूस चुकीचं बोलत नव्हता. सतराचं ठरलं.

मग वस्तादांनी मला तोडगा काढून दिला. पिस्तूल तळव्यात जरा फिरवून धरायचं, म्हणजे बोट चापावर पुरतं बसतं. मैदानावर मी तसंच धरून परीक्षा पास झाले. तिथे घाई नसते. हात नीट बेतून धरता येतो.

घटनेच्या दिवशी जेवणाची सुटी संपून काम सुरू झालं होतं. एका घटस्फोटाच्या दाव्यात मुलगा कुणाकडे राहणार याचा निकाल लागला आणि तो आईकडे गेला. बाप बाहेर आला तो गुपचूप बाकावर बसला. मला वाटलं, रडतोय, रडू दे. तेवढ्यात पट्टेवाले काका कागद घेऊन चालले होते. त्याने मागून त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि कारकुनाच्या टेबलावरून येताना उचललेली कागद कापायची सुरी मानेला लावली. एकच आरडाओरडा झाला. माणसं जिन्याकडे पळाली. जवळ मी एकटी होते. वस्ताद खाली फाटकावर होते.

मी पिस्तूल काढलं. हात सवयीने फिरला, पण घाईत जास्त फिरला. अंगठ्याखालचा मांसल भाग मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, सोडायच्या बटणावर दाबला गेला आणि भरलेलं मॅगझिन मुठीतून निसटून खाली पडलं. फरशीवरून घसरत बाकाखाली गेलं. या पिस्तुलात मॅगझिन नसलं की आत गोळी असली तरी चाप ओढून काही होत नाही. सुरक्षिततेसाठी केलेली सोय आहे ती. म्हणजे माझ्या हातात लोखंडाचा ठोकळा होता, दुसरं काही नाही.

दुसरं मॅगझिन होतं का, असं साहेब विचारतात. होतं की! कमरेला आणखी सतरा होत्या. पण त्या काढायला हात खाली न्यायला हवा होता, आणि तो माणूस माझ्या हाताकडेच टक लावून बघत होता. मी घाबरले होते. हे लिहा, मला त्याची लाज नाही.

तो ओरडला, "काय पडलं ते?"

मी म्हटलं, "किल्ल्या. तू माझ्याकडे बघ."

तो म्हणाला, "पुढे आलीस तर याला कापीन."

मी म्हटलं, "नाही येत, दादा. ही बघ, इथेच उभी आहे."

काकांच्या मानेवरून रक्ताचा ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि त्यांनी काय बोलावं? "बाबा रे, माझा चहा उतू जातोय. गॅस तरी बंद करू दे." मला वाटलं, आता संपलं. पण तो माणूस गडबडला. "कसला चहा?" म्हणाला. काका म्हणाले, "सगळ्यांसाठी ठेवलाय. तुझ्यासाठीपण." सुरी मानेपासून बोटभर लांब गेली. मी म्हटलं, "सुरी टाक. मी गोळी घालणार नाही, माझा शब्द आहे." तो शब्द मोडायची सोय माझ्याकडे नव्हतीच. त्याने सुरी टाकली आणि काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असले आहेत आमचे काका.

तेवढ्यात वस्ताद धावत आले. त्यांनी त्या माणसाला बेड्या घातल्या. मग बाकाखाली वाकून मॅगझिन उचललं, माझ्या हातातलं पिस्तूल घेतलं, मॅगझिन आत बसवलं आणि पिस्तूल माझ्या कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवलं. कानाशी म्हणाले, "कुणी पाहिलं नाही. गप बस." ते स्वतःला वाचवत होते असं मी म्हणणार नाही. मला वाचवत होते, हे मला माहीत आहे. म्हणून हे सांगताना जीभ जड होते आहे.

काका दवाखान्यात आहेत. टाके पडले, पण जिवाचा धोका नाही. दुसऱ्या दिवशी वरून कागद आला, की नवीन हत्याराचा धाक बसून आरोपी शरण आला. माझा सत्कार ठरला आहे. नवरा म्हणाला, "हार घाल गळ्यात आणि मोकळी हो. कशाला नसतं लचांड मागे लावून घेतेस?" त्याच्याशी मी दोन दिवस भांडते आहे. कारण येत्या सोमवारी खालच्या टेबलावरच्या पोरींनाही हेच पिस्तूल मिळणार आहे. त्यांचे हात माझ्याएवढेच. एकीचा तर माझ्यापेक्षा लहान. प्रत्येकीसमोर चहा ठेवणारे काका असणार आहेत का?

साहेबांनी समज दिली, की मॅगझिन पडलं असं लिहून दिलं तर तो निष्काळजीपणा धरला जाईल, आणि चौकशी होईपर्यंत माझी हत्याराची ड्यूटी जाईल. पुन्हा पर्साच तपासाव्या लागतील. समजलं. तरी लिहा.

साहेब म्हणाले, दोष हाताचा की पिस्तुलाचा हे कसं ठरवायचं? मी म्हटलं, आत्ता ठरवा. माझं पिस्तूल इथे जमा आहेच. साहेबांनी गोळ्या काढून घेतल्या, आत बोट घालून खात्री केली, रिकामं मॅगझिन बसवलं. हा जबाब टाइप करणाऱ्या बाईंना मी म्हटलं, समोर काका आहेत, गळ्याला सुरी आहे, भिंतीवर नेम धरा, चापावर बोट पोचवा, चला लवकर! त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. बोट पोचेना म्हणून त्यांचा हात आपोआप फिरला. मॅगझिन कीबोर्डवर पडलं.

आवाज ऐकून वस्ताद दारात आले. ते बाहेर बाकावर आपल्या जबाबाची वाट बघत बसले होते. ते आत आले, त्यांनी मॅगझिन उचललं. या वेळी ते पिस्तुलात बसवलं नाही. साहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी बाकाखालून मी उचललं होतं. माझ्या जबाबात पहिलं तेच लिहा."

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मॅगझिन पडल्याच्या वाक्यावर साहेब थांबले होते. मी पुढे वाचा म्हटलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, त्यातलं काही गाळायचं नाही, म्हणून खाली सही करते.

समक्ष सही.