क्यू-सकच्या नंबरवरून

"हॅलो?"

इन-सुकने फोन कानाला लावला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. क्यू-सक. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते नाव पुसून टाकायला तिचा हात कधी धजावला नव्हता. देजॉन शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. दुपारचे सव्वादोन वाजले होते. आठशे मुलांची जेवणं उरकून, रबरी बूट काढून ती नुकती कपडे बदलायच्या खोलीत आली होती. कपाट उघडलं आणि आतला फोन थरथरायला लागला.

"हॅलो… कोण बोलतंय?"

पलीकडे वारा होता. उंचावरचा, गवतातून फिरणारा. आणि कुणाचा तरी श्वास.

"कोण? … आई? … अहो, तुम्ही आहात होय… नाही, घाबरले नाही. हा नंबर बघून जरा… काही नाही. बोला ना."

सासूबाई होत्या. ओक-बुन. त्यांचा स्वतःचा फोन बिघडला होता म्हणून लेकाचा घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी दोन वर्षं चालू ठेवलाय, रोज चार्ज करतात, हे इन-सुकला आजच कळलं. मातीच्या दिवशी सगळ्यांदेखत त्या सुनेला म्हणाल्या होत्या, बायको असून तू त्याच्याजवळ नव्हतीस. त्यानंतर दोघींचं बोलणं नव्हतं.

"हो, ऐकू येतंय… टेकडीवर? आज? … अहो, पण गवत कापायला सगळे रविवारी जाणार होते ना? छुसकच्या सणाला अजून दहा दिवस आहेत… एकट्याच गेलात?"

नातेवाइकांच्या गर्दीत त्यांना जायचं नव्हतं. विळा घेऊन सकाळीच निघाल्या होत्या. थडग्याचा उंचवटा अर्धा साफ झालाय, तू येऊ नकोस, तुझी काही गरज नाही, एवढं सांगायलाच फोन केला होता.

"बरं… बरं, नाही येत… आई, तुम्ही सारखं काय खाजवताय? … नाही, आवाज येतोय ना, खरखर… ओतचं झाड लागलं? … कुठे?"

ओतच्या चिकाने अंग उततं, त्या डोंगरात पोराटोरांना माहीत. सासूबाईंना जन्मभर त्याची सवय. वर येताना एका फांदीला कोपर घासलं, आता सगळ्या अंगावर उठलंय, एवढंच, असं त्या म्हणत होत्या. इन-सुक ठीक आहे म्हणणार होती. मग तिचा हात कपाटाच्या दारावरच थांबला.

"फांदी कधी लागली? … आज सकाळी? आणि उठलं कधी? … आत्ता? … आई, ओत उतायला दुसरा दिवस उजाडतो. तुम्हीच मला सांगितलेलं, लग्न झालं त्या वर्षी… हो, हो, पण ऐका ना. फोड आहेत का? की नुसत्या गांधी? … पांढुरक्या, मोठाल्या? … एकीकडची बसते नि दुसरीकडे उठते? … तळहात? तळहातांनाही खाज?"

स्वयंपाकघरात दर वर्षी शिकवणी व्हायची. कुणाला अंडं चालत नाही, कुणाला बकव्हीटच्या शेवया चालत नाहीत, त्याचा तक्ता भिंतीवरच होता. शिकवायला येणारी बाई दर खेपेला एकच गोष्ट घोकून घ्यायची. नुसतं अंगावर उठलं तर गोळी द्या आणि नजर ठेवा. अंगावर उठलं आणि जोडीला आत काहीही बिघडलं, उलटी, चक्कर, घसा, श्वास, यातलं एक जरी असलं, तर वाट बघायची नाही.

"आई, काही चावलं का? … नीट आठवा… गांधीलमाशी? कुठे? … मानेवर. किती वेळ झाला? … पंधरा-वीस मिनिटं… डब्यातलं सोयाबीनचं दोएनजांग चोळलंत, बरं केलंत, पण मला एक सांगा, आधी कधी चावली होती का? … मागच्या वर्षी? तेव्हा काय झालेलं? … कोपरापर्यंत हात सुजला होता? … हो. मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. सासूबाई म्हणाल्या की ठेवते, पोटात ढवळतंय.

"ठेवू नका. आई, ठेवू नका… उलटी झाली? … किंबापचा भात शिळा होता म्हणून? … आणि चक्कर? … माकोल्लीची दारू प्यायलात? किती? … वाटीभर. थडग्यावर ओतून उरलेली… वाटीभर माकोल्लीने तुम्हाला कधी चक्कर आलीय?"

गांधी उठल्या त्या ओतमुळे, उलटी किंबापमुळे, चक्कर माकोल्लीमुळे. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण तयार होतं. इन-सुकने ती कारणं एकेक करून बाजूला सारली आणि मागे उरलं ते तिला दिसलं. शेजारच्या बाकावर दक-सुन मोजे काढत बसली होती. वीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात काढलेली बाई. इन-सुकने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, फोनवर तळहात धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, तुझ्या फोनवरून रुग्णवाहिकेला लाव, एकशे एकोणीस. गांधीलमाशी चावलीय. अंगावर उठलंय, उलटी, चक्कर. वय बहात्तर. टेकडीवर एकटी आहे."

दक-सुनने काही विचारलं नाही. पत्ता तेवढा विचारला, आणि तिथे इन-सुक अडली. ती टेकडीवर एकदाच गेली होती, तिरडीच्या मागे, खाली मान घालून. तरी डोळे मिटून ती त्या वाटेने पुन्हा चालत गेली. गावचावडी, द्राक्षांचे मांडव, गंजलेली पाण्याची टाकी, तिथून डावीकडे, चेस्टनटच्या झाडांतून वर. दक-सुन पुढे सांगत गेली.

"आई? आहात ना? … इथेच आहे मी. गांधीलमाश्यांचं पोळं तुमच्यापासून लांब आहे ना? … खालच्या बांधाला. छान. मग आता उठायचं नाही… नाही, घरी चालत जायचं नाही. उभंसुद्धा राहायचं नाही… अहो, हसताय काय? मी सून आहे, माहितीये. आज ऐका."

दक-सुनने एकशे एकोणीसवरच्या माणसाचा प्रश्न पोचवला.

"श्वास लागतोय का? … आत जाताना अडतो? … नाही ना? … मग उताण्या पडा. पाय उंचावर… काय उंच आहे तिथे? … दगड? ओंडका? … काहीच नाही? मग त्या उंचवट्यावर ठेवा… हो. क्यू-सकवर."

थडग्याला पाय लावायचे, तेही पोटच्या पोराच्या. इन-सुकलाही ते बोलताना अंगावर काटा आला होता.

"आई, तुमची पाठ धरली की तुम्ही त्याला पाठीवर चालायला लावायचात. लहानपणी. तोच सांगायचा मला. किती वजन सोसलंत त्याचं… आता त्याने सोसू दे. ठेवा पाय… ठेवले? … दोन्ही? … हं. पडून राहा. माणसं निघालीत."

गवत चुरडल्याचा आवाज आला. मग सासूबाई बोलल्या, आणि इन-सुक बाकावरून अर्धवट उठली. आवाज त्यांचा नव्हता. जाड, घोगरा, खालच्या पट्टीतला, सर्दी झालेल्या पुरुषासारखा. आणि त्या तिच्याशी बोलत नव्हत्या.

"कोणाशी बोलताय? … आई, मघाशी तर एकट्या होतात ना? … कोण? … कुठे बसलाय?"

पायाशी, असं त्या म्हणाल्या. अगदी सहज, शेजारीण आल्याचं सांगावं तशा.

आवाज बदललाय हे इन-सुकने दक-सुनला सांगितलं. दक-सुनने ते पुढे कळवलं आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरला. घसा सुजत असेल, श्वास अडला तर टेकून बसायला सांगा, बोलत ठेवा. रक्तदाब उतरला की माणसाला नाही ते दिसतं, घाबरू नका. इन-सुकने मान डोलावली. तिला ते पटलंही होतं. तरी हातावरचे केस उभे राहिले ते राहिलेच.

"काय म्हणतोय तो? … नाही, सांगा. बोलत राहा… थंडी वाजतेय म्हणतोय? त्याला की तुम्हाला? … फोन ठेव म्हणतोय? … नाही. त्याला म्हणावं फोन ठेवायचा नाही… काय? … परत बोला."

त्या घोगऱ्या आवाजाने जे सांगितलं ते इन-सुकने या जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मरणाच्या दिवशी, याच वेळी, क्यू-सकने भाजीचा ट्रक रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभा केला होता आणि बायकोला तीनदा फोन लावला होता. तिचा फोन कपाटात होता. स्वयंपाकघरात फोन नेता येत नाही. तिने फोन पाहिला तेव्हा तो ट्रकमध्येच गेलेला होता.

"… हो. तीनदा."

तो क्यू-सकचाच फोन होता. त्यात त्या तीन फोनांची नोंद असणार आणि सासूबाईंनी ती केव्हाच वाचली असणार, हे तिच्या ध्यानात आलं. म्हणजे दोन वर्षं त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. एवढं उलगडल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण सासूबाई पुढे म्हणाल्या की फोन कशाला केले होते ते तो आता सांगतोय, तू गप्प बस आणि ऐक.

इन-सुक गप्प बसली.

कान फोनला चिकटवून, श्वास रोखून ती ऐकत राहिली. वारा पडला होता. किडे ओरडायचे थांबले होते. पलीकडे कुणीतरी कुजबुजत होतं, आणि ती कुजबुज फोनच्या फार जवळून येत होती. दोन वर्षं याच एका वाक्यासाठी तिची झोप उडाली होती. दक-सुन तिचा दंड हलवत होती, बोलत ठेव म्हणत होती. सासूबाईंचा श्वास लांब पडत चालला होता, मध्ये मध्ये मोठी फट पडत होती.

"नको," इन-सुक म्हणाली. "आई, नको. त्याला विचारू नका. मला नाही ऐकायचं… राहू दे. तुम्ही माझ्याशी बोला. माझ्याशी… क्यू-सक, तू तिथे असलास तर ऐक. तिला झोपवू नकोस. चिमटा काढ, भांड तिच्याशी, काहीही कर. तिला न्यायचं नाही. कळलं? … आई? … आई, आपल्या अंगणात पर्सिमनची झाडं किती? मोजून सांगा… चार? मला तर तीनच आठवतात… कोणतं पडलं? … पुढे? … पुढे सांगा ना… आई?"

सासूबाई थांबत, अडखळत एकेक झाड सांगत गेल्या. कोणतं कुणी लावलं, कोणत्याला कीड लागली. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग गवतात धावती पावलं आली आणि फोनवर एका पुरुषाचा आवाज आला. थकलेला, तरुण, गावाकडच्या हेलाचा.

"… क्यू-सक?"

आणि लगेच, "माफ करा… हो, हो, मी सून… मांडीत सुई टोचलीत? … रक्तदाब लागतोय? … चढतोय. श्वास? … हो… दवाखान्यात रात्रभर ठेवणार? … पुन्हा उलटू शकतं म्हणून. बरोबर. मी निघतेच आहे… एक विचारू? तिथे आणखी कुणी आहे का? … नाही. बरं. नाही, सहज विचारलं."

स्ट्रेचर उचलल्यावर सासूबाईंनी फोन मागून घेतला. आवाज त्यांचा त्यांना परत मिळत होता, किनरा आणि चिडका. इन-सुकला रडू आलं, पण तिने ते गिळलं.

"हो, आई… येते ना. पहिल्या बसने येते… काय म्हणालात? … अजून तिथेच बसलाय?"

दक-सुन तिच्याकडे बघत होती. इन-सुकने भिंतीकडे तोंड केलं.

"तो येत नाहीये तुमच्याबरोबर? … नाही, बोलवू नका. राहू दे त्याला… हात करतोय? … आई, माझं ऐका. मागे वळून बघायचं नाही. अजिबात नाही. पुढे तो मुलगा चाललाय ना स्ट्रेचर धरून, त्याच्या पाठीकडे बघा… काय रंगाचा शर्ट आहे? … भगवा. बघत राहा… हो, मी आहे… चेस्टनटची झाडं लागली का? … खाली उतरेपर्यंत त्या शर्टाकडेच… आई? … हॅलो? …"

दरीत रेंज गेली.